सुट्टी तुमची, टेन्शन त्याचं!

बोनस जमा झाला, रजा मंजूर झाली, गावाकडचं बुकिंगही झालं. पण घरातल्या चार पायांच्या मेंबरचं काय? पुण्यात कुत्र्यांना (आणि त्यांच्या मालकांना!) शिकवणाऱ्या एका देगलूरकराच्या या काही कामाच्या गोष्टी...

डॉग ट्रेनर म्हणजे 'सिट' आणि 'शेकहँड' शिकवणारा माणूस, असं बहुतेकांना वाटतं. वर्षाचे बरेच महिने ते खरंही असतं. पण दसरा उलटला की माझा फोन वेगळ्याच सुरात वाजायला लागतो. "तो पलंगाखालून बाहेरच येत नाहीये." "दोन दिवस जेवला नाही." आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, "दार जरासं उघडं राहिलं आणि पळाला हो, सापडत नाहीये!" असा शेवटचा फोन तुमच्यावर करायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कान आहेत की अँटेना?

आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला जवळपास ४५,०००पर्यंत. आपल्याला जो आवाज लागतही नाही, तो त्याच्या कानात शिरलेला असतो. आपल्या नियमांप्रमाणे फटाक्याचा आवाज चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. म्हणजे 'कायदेशीर' फटाकासुद्धा कान बधिर करणारा! त्यात आज लक्ष्मीपूजन आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याला फक्त एवढंच कळतं, की आभाळ फुटतंय आणि कुणी काहीच करत नाहीये.

भीती फक्त थरथरण्यातून दिसत नाही. उगाच जांभया देणं, ओठ चाटत राहणं, कान मागे नेणं, धाप लागणं, आवडता खाऊ नाकारणं, ही सगळी भीतीचीच भाषा. ती वाचायला शिकणं हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

दुसरा धडा पावलोव्हचा. घंटा आणि लाळ एवढंच आपल्याला शाळेपासून आठवतं. पण १९२४ साली लेनिनग्राडला पूर आला, पावलोव्हच्या प्रयोगशाळेत पाणी शिरलं आणि पिंजऱ्यातली कुत्री कशीबशी वाचवली गेली. त्यानंतर त्यातली काही कुत्री शिकलेलं सगळं विसरली. पुढे दाराखालून नुसतं पाणी झिरपलं, तरी एकाची गाळण उडाली. एका जबर धक्क्यात महिन्यांची मेहनत पाण्यात जाऊ शकते. म्हणूनच "होईल हळूहळू सवय" म्हणत कुत्र्याला गच्चीवर फटाके दाखवायला नेऊ नका, प्लीज. सवय होत नाही, भीती पक्की होते.

होमवर्क दीड महिना आधी

मग सवय लावायची कशी? फटाक्यांचं रेकॉर्डिंग मोबाईलवर अगदी बारीक आवाजात लावा, इतकं की त्याने फक्त कान टवकारावेत. आवाज आला की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा. क्रम महत्त्वाचा, आधी आवाज, मग खाऊ! आवाज बंद, खाऊ बंद. रोज पाच-दहा मिनिटं पुरे. तो निवांत असेल तरच आवाज एक घर वाढवायचा. घाबरला, की दोन घरं मागे. हळूहळू 'धडाम' म्हणजे 'पनीर' असं समीकरण त्याच्या डोक्यात बसतं.

आणि हो, "घाबरल्यावर जवळ घेतलं तर लाडावतो" हे साफ खोटं. भीती ही भावना आहे, नाटक नाही. कुशीत यायचं असेल तर येऊ द्या. ओढून मात्र आणू नका.

इतकं करूनही काही कुत्र्यांची भीती जात नाही. त्यांच्यासाठी चांगली औषधं आहेत, पण ती व्हेटने द्यायची, आणि दिवाळीच्या आधी भेटून. घरातली झोपेची गोळी देणं म्हणजे जिवाशी खेळ. काही औषधांनी तर शरीर ढिलं पडतं आणि मन घाबरलेलंच राहतं.

चलो देगलूर!

पुण्याहून आमचं गाव सुमारे साडेचारशे किलोमीटर. तेलंगणा आणि कर्नाटक दोन्ही हाकेच्या अंतरावर. गावात रेल्वे नाही, उदगीर किंवा नांदेडला उतरायचं. रेल्वेत कुत्रा जवळ ठेवायचा तर फर्स्ट एसीतला अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर हवी. सेकंड आणि थर्ड एसीत परवानगी नाही. गार्डच्या डब्यातल्या पेटीचा पर्याय आहे, पण घाबरट कुत्र्यासाठी मी तो कधीच सुचवत नाही. राहिली कार. मागच्या सीटवर हार्नेस आणि बेल्ट, दर दोन-तीन तासांनी थांबा, प्रत्येक थांब्यावर पाणी आणि दार उघडण्याआधी हातात पट्टा!

गावाकडे खरी गंमत सुरू होते. आमच्या लातूर-नांदेड पट्ट्यात करवान आणि पश्मी ही शिकारी कुत्री पिढ्यानपिढ्या सांभाळली जातात. करवानाचाच सख्खा भाऊ मुधोळ हाउंड २००५ साली पोस्टाच्या तिकिटावरही झळकला. लांब पाय, बारीक डोकं, वाऱ्यासारखा वेग. या कुत्र्यांची मान डोक्याहून जाड, त्यामुळे साधा पट्टा मागे खेचला की सर्रकन निघतो. घाबरलेलं करवान सुटलं तर दोन मिनिटांत शिवाराबाहेर! त्यांना ओढल्यावर बेताने आवळणारा मार्टिंगेल कॉलर किंवा अंगाला नीट बसणारा हार्नेसच हवा.

हे सगळं काकांना सांगितलं तर ते हसले. "काय होत नसतंय त्याला! कुत्र्याला कशाची आली ट्रेनिंग?" मी वाद घातला नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंगणातल्या कुत्र्याची साखळी सोडून त्याला ज्वारीच्या कोठीच्या खोलीत नेलं, पोतं अंथरलं, दार लोटलं. रात्री काका स्वतः दोनदा डोकावून आले. पुढच्या वर्षी पोतं त्यांनीच अंथरलं. ट्रेनिंग कुणाची झाली, तुम्हीच ठरवा!

साखळीचं म्हणाल, तर बांधलेल्या कुत्र्याला भीती वाटली की पळता येत नाही आणि लपताही येत नाही. मग तो स्वतःला जखमी करतो, नाहीतर जवळ आलेल्या लेकराला चावतो. रेबीजची लस वेळेवर झाली आहे ना, हे निघण्याआधीच बघा.

फराळाचा मोह

चिवड्यातले आणि करंजीतले बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. चॉकलेट तर विषच. शुगर-फ्री मिठाईत झायलिटॉल असेल, तर साखर झपाट्याने उतरते.

आणि धोका भाऊबिजेला संपत नाही. लक्ष्मीपूजनानंतरची दुसरी अमावास्या म्हणजे आमची येळवस. सगळं गाव शेतात, आंबील, भज्जी, उंडे, आणि पंगतीच्या कडेला आशाळभूत कुत्री. भज्जीत लसूण-कांदा भरपूर. तो त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कुत्र्याला द्यायचीच असेल तर साधी भाकरी द्या. तेवढ्यावर तो तुमच्यावर जीव टाकतो.

त्या रात्रीसाठी शॉर्टलिस्ट

* अंधार पडण्याआधी फिरवून, खाऊ घालून मोकळे व्हा.
* आतली खोली, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा आणि टीव्ही चालू.
* लपायला पलंगाखाली किंवा टेबलाखाली त्याचीच जुनी चादर.
* गळ्यात मोबाईल नंबर कोरलेला बिल्ला, मोबाईलमध्ये ताजा फोटो.
* पाहुणे येण्या-जाण्याच्या वेळी आतल्या खोलीचं दार बंद. जबाबदारी एकाच माणसाकडे.
* हरवलाच तर मागे धावू नका. खाली बसा, हळू हाक मारा, ओळखीचा वास असलेला कपडा दाराशी ठेवा.

सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली होती. गल्लीत ती किती पाळली जाते, ते सगळ्यांनाच माहीत. पण आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज टाकायला काय हरकत आहे? "माळ गेटपाशी नको, मोकळ्या मैदानात लावू या." गेटपाशी झोपणाऱ्या बेवारस कुत्र्यांना ना पलंग, ना पडदे, ना आपल्यासारखा मालक. पार्किंगचा एक कोपरा आणि पाण्याची एक वाटी त्या रात्रीपुरती त्यांच्या नावावर करून टाका. दिवाळी त्यांचीही असते, बॉस!