ओळख बेसबॉलची (लेखांक 11) : तेरा विजय थोर की एकवीस?

साय यंग पुरस्कार अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये हंगामातील सर्वोत्तम पिचरला दिला जातो. कारकिर्दीत 511 विजय नोंदवणारा साय यंग नोव्हेंबर 1955 मध्ये वारला आणि पुढच्याच हंगामापासून आयुक्त फोर्ड फ्रिक यांच्या पुढाकाराने हा पुरस्कार सुरू झाला. पहिला मानकरी ब्रुकलिन डॉजर्सचा डॉन न्यूकम. 1966 पर्यंत दोन्ही लीग मिळून एकच पुरस्कार होता. 1967 पासून अमेरिकन आणि नॅशनल लीगला वेगवेगळा दिला जातो. निवड करतात ते बेसबॉल लेखक संघटनेचे पत्रकार, दर संघाच्या शहरामागे दोन, आणि मते नोंदवली जातात ती बाद फेरीचे सामने सुरू होण्याआधी. ‘सर्वोत्तम’ कसा ओळखायचा, याचे सूत्र मात्र कोणी घालून दिलेले नाही. त्यामुळे दर वर्षी सप्टेंबर उजाडला की वाद पेटतो.

या वादांत 2010 सालचा अमेरिकन लीगचा वाद सर्वांत बोधप्रद आहे. दावेदार मुख्यतः तीन. न्यूयॉर्क यँकीजचा सीसी सबाथिया : 21 विजय, 7 पराभव. टँपा बे रेजचा डेव्हिड प्राइस : 19 विजय, 6 पराभव. आणि सिअ‍ॅटल मरिनर्सचा व्हेनेझुएलन पिचर फेलिक्स हर्नांडेझ : 13 विजय, 12 पराभव. जुन्या हिशेबाने तिसऱ्याचे नाव चर्चेत येण्याचेच कारण नव्हते.

क्रिकेटमध्ये सामना संघ जिंकतो. विजय कुणा एका गोलंदाजाच्या खात्यावर चढत नाही. बेसबॉलमध्ये तो चढतो. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरने किमान पाच डाव टाकलेले असतील आणि त्याच्या कामगिरीच्या काळात संघाने घेतलेली आघाडी शेवटपर्यंत टिकली, तर विजय त्याच्या नावावर लागतो. यातली गोम उघड आहे. आघाडी मिळते ती सहकाऱ्यांनी धावा काढल्यामुळे आणि टिकते ती बहुधा नंतर आलेल्या रिलीफ पिचरांमुळे. एका बाजूची फलंदाजी आणि सामन्याचा शेवट या दोन्ही गोष्टी ज्याच्या हातात नाहीत, त्याच्या गुणपत्रिकेवर त्या मोठ्या अक्षरांत छापल्या जातात. एकेकाळी पिचर नऊच्या नऊ डाव टाकत, तेव्हा या नोंदीला काही अर्थ होता. साय यंगची तर सारी कीर्ती तिच्यावरच उभी आहे. सर्वाधिक पराभवांचा विक्रमही त्याच्याच नावावर आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

मतदार दीर्घकाळ विजयांच्या आकड्यालाच मानत आले. 1990 मध्ये ओकलंडच्या बॉब वेल्चने 27 सामने जिंकले, तेव्हा त्याचा संघ 103 विजयांसह अव्वल होता. त्याच वर्षी बोस्टनच्या रॉजर क्लेमेन्सने 21 विजय मिळवताना नऊ डावांमागे केवळ 1.93 धावा दिल्या होत्या, वेल्चने 2.95. पुरस्कार वेल्चला गेला. 2005 मध्ये 21 विजयांच्या बार्टोलो कोलोनने 16 विजयांच्या योहान सँटानाला मागे टाकले, तेव्हाही कोलोनची सरासरी 3.48 आणि सँटानाची 2.87 होती. आज हे दोन्ही निर्णय चुकीचे वाटतात, आणि तसे वाटणे रास्तच आहे.

वर आलेली धावांची सरासरी म्हणजे ईआरए. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळायच्या, उरलेल्यांना नऊने गुणायचे आणि टाकलेल्या डावांनी भागायचे. आकडा जितका लहान तितका पिचर चांगला. 2010 मध्ये सबाथियाचा ईआरए 3.18, प्राइसचा 2.72 आणि हर्नांडेझचा 2.27 होता. हर्नांडेझने तिघांत सर्वाधिक, म्हणजे 249⅔ डाव टाकले आणि 232 स्ट्राइकआउट घेतले. त्याने सुरुवात केलेल्या 34 सामन्यांपैकी 30 सामन्यांत किमान सहा डाव टाकून जास्तीत जास्त तीनच धावा दिल्या.

मग विजय तेराच का? कारण मरिनर्सची फलंदाजी. 162 सामन्यांत या संघाने 513 धावा केल्या, म्हणजे सामन्यामागे जेमतेम तीन, आणि तब्बल 101 सामने गमावले. त्याच हंगामात यँकीजच्या धावा होत्या 859. सबाथियाच्या पाठीशी जे भांडवल होते त्याचा विचार केला, तर दोघांचे विजय एका तराजूत घालणे अन्यायाचे ठरते. मतमोजणीत 28 पैकी 21 पहिल्या क्रमांकाची मते हर्नांडेझला मिळाली. प्राइसला 4, सबाथियाला 3. पूर्ण लांबीच्या हंगामात इतक्या कमी विजयांवर सुरुवातीच्या पिचरला हा पुरस्कार त्याआधी कधीच मिळाला नव्हता.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र दुबळा नव्हता. दुबळ्या संघातूनही विजय खेचून आणता येतात, असे ते म्हणत आणि 1972 च्या स्टीव्ह कार्लटनकडे बोट दाखवत. फिलाडेल्फियाने त्या वर्षी 59 सामने जिंकले, त्यांतले 27 एकट्या कार्लटनचे. पण एका अचाट हंगामाला नियम मानता येत नाही. पुढे 2018 मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमला 10 विजय आणि 9 पराभवांवर, 1.70 ईआरएच्या जोरावर, 30 पैकी 29 पहिली मते मिळाली. 2025 मध्ये पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स तर 10-10 अशा नोंदीनिशी एकमताने निवडला गेला.

विजयांचा प्रश्न असा निकालात निघाला, पण वाद संपला नाही. तो ईआरएकडे सरकला. ईआरएसुद्धा पिचरची एकट्याची कमाई नव्हे. चपळ क्षेत्ररक्षक दूरचा चेंडू झेलतो, सुस्त क्षेत्ररक्षकाला तो गाठताच येत नाही, आणि न गाठलेला चेंडू चूक म्हणून नोंदला जात नाही. मैदानांचे आकारही सारखे नाहीत. हर्नांडेझचे सिअ‍ॅटलमधले मैदान पिचरांना धार्जिणे मानले जाई. 2001 मध्ये व्होरोस मॅक्रॅकन याने मांडले की बॅटला लागून मैदानात राहिलेल्या चेंडूचे काय होते, यावर पिचरचे नियंत्रण समजुतीपेक्षा फारच कमी असते. त्या विचारातून एफआयपी हे माप आले. ते फक्त स्ट्राइकआउट, वॉक, अंगावर बसलेले चेंडू आणि होमरन मोजते, म्हणजे जिथे क्षेत्ररक्षकांचा संबंधच येत नाही तेवढेच.

हे माप लावले की काही विजेते अडचणीत येतात. सॅन दिएगोच्या ब्लेक स्नेलचा 2023 मधला ईआरए 2.25 होता, पण त्याने 99 वॉकही दिले, लीगमध्ये सर्वांत जास्त. तरीही 30 पैकी 28 पहिली मते त्यालाच पडली. एफआयपीचे कट्टर समर्थक यावर नाराज झाले, पण त्यांचे म्हणणे अर्धेच पटते. एफआयपी पुढच्या हंगामाचा अंदाज बांधायला उपयोगी आहे. पुरस्कार मात्र होऊन गेलेल्या हंगामाचा असतो, आणि त्यात वाचवलेल्या धावा खरोखर वाचलेल्या असतात.

कामाचा बोजा हा आणखी एक झगडा. 2010 मध्येच बोस्टनच्या क्ले बकहोल्झचा ईआरए 2.33, म्हणजे हर्नांडेझच्या जवळपास होता. पण त्याने सुमारे 76 डाव कमी टाकले होते. तिथे निवाडा सोपा होता. 2021 मध्ये नॅशनल लीगमध्ये तो सोपा राहिला नाही. मिलवॉकीच्या कॉर्बिन बर्न्सने 167 डावांत 2.43 ईआरए राखला, फिलाडेल्फियाच्या झॅक व्हीलरने 213⅓ डावांत 2.78. पहिली मते दोघांना प्रत्येकी 12 पडली; एकूण गुणांत बर्न्स 151-141 असा सरस ठरला. व्हीलरने जास्तीचे 46 डाव टाकून संघाच्या इतर पिचरांवरचा जो भार हलका केला, त्याला इथे कमी किंमत मिळाली असे म्हणायला जागा आहे.

रिलीफ पिचरच्या बाबतीत हीच अडचण टोकाला जाते. 2016 मध्ये बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनचा ईआरए 0.54 होता, पण डाव अवघे 67; तो चौथा आला. 2003 मध्ये एरिक गान्ये जिंकला, त्यानंतर कोणत्याही रिलीफ पिचरला हा पुरस्कार मिळालेला नाही.

निकालात मोजणीच्या पद्धतीचाही वाटा असतो. 1969 मध्ये माइक क्वेलार आणि डेनी मॅकलेन यांची मते समसमान झाली, तोवर प्रत्येक मतदार एकच नाव लिहीत असे. पुढच्या वर्षापासून तीन नावे क्रमाने मागवली जाऊ लागली आणि 2010 पासून पाच. त्यांना अनुक्रमे 7, 4, 3, 2 आणि 1 गुण मिळतात. 2016 मध्ये अमेरिकन लीगमध्ये डेट्रॉइटच्या जस्टिन व्हर्लँडरला पहिल्या क्रमांकाची 14 मते पडली, बोस्टनच्या रिक पोर्सेलोला 8. पण पोर्सेलोचे नाव बहुतेक मतपत्रिकांवर दुसऱ्या-तिसऱ्या स्थानी होते, तर दोन मतदारांनी पाच नावांतही व्हर्लँडरला घेतले नव्हते. 137 विरुद्ध 132 गुणांनी पुरस्कार पोर्सेलोकडे गेला. त्या हंगामात त्याच्या नावावर 22 विजय होते.