गब्बरची टोळी सायकलवर

‘शोले’तल्या गब्बरच्या बापाचे नाव काय? आमच्या आकुर्डीत कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारून पाहा. दुसऱ्या पाळीला निघालेला कामगारबंधू कप खाली ठेवण्याआधीच सांगेल, “हरिसिंग!” आता दुसरा प्रश्न. मालेगावच्या ‘शोले’त गब्बरची टोळी कशावर बसून आली? इथे मालेगाव-धुळ्याकडचे एक-दोघे सोडले तर सारे गप्प होतात. उत्तर आहे, सायकलवर. घोडे आणायला पैसे होते कुणाकडे?

ज्यांनी गल्लीत वर्गणी काढून टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणला आणि रात्रभर जागून तीन-तीन पिक्चर पाहिले, त्यांना या चित्रपटांची गंमत लगेच कळेल. नाशिक जिल्ह्यातले मालेगाव म्हणजे यंत्रमागांचे गाव. आठवडाभर मागांचा खडखडाट, शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीला सिनेमा. तिथे नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवीत असत. पार्लरमधल्या पिक्चरची काटछाट करता करता ते संकलन शिकले. कुठली संस्था नाही, गुरू नाही. मग लग्नकार्यात वापरतात तसल्या साध्या कॅमेऱ्यावर त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. साल २०००, खर्च सुमारे ५० हजार रुपये, नट गावातलेच. पुढे ‘मालेगाव की शान’ आला, ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला.

या चित्रपटांचे शौकीन लोक बारीकसारीक गोष्टी फार चवीने सांगतात. कॅमेरा सरकवायला रूळ नव्हते, म्हणून नासिरभाई कॅमेरा घेऊन सायकलवर बसत आणि दुसरा कुणी सायकल ढकली. क्रेनच्या जागी बैलगाडी. सुपरमॅनला उडवायचे तर ट्रकच्या बाजूला हिरवे कापड बांधले, त्यापुढे नटाला आडवा धरला आणि ट्रक पळवला. वाऱ्याने मागचे कापड फडफडले की झाले काम! एकदा तर कॅमेराच पाण्यात पडला. हे आपल्याला फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटामुळे बघायला मिळते. तासाभराचा आहे, मुलांना जवळ बसवून जरूर पाहावा.

एक गोष्ट मात्र मला खटकली. गावातली एकही बाई कॅमेऱ्यासमोर येईना, म्हणून नटी बाहेरगावहून आणावी लागे. मागावर पोट भरणाऱ्या गावात बायकांनी काय कमी कष्ट केले असतील? पण पडद्यावर त्यांना जागा नाही. आपल्या वस्तीतल्या स्नेहसंमेलनात तरी मुलींना स्टेजवर चढू देताना किती घरांत कुरकुर होते, ते मी दरवर्षी पाहतो.

आता सुपरमॅनविषयी. त्या चित्रपटातल्या खलनायकाला गावभर घाण हवी असते आणि सुपरमॅन त्याच्याशी लढतो. पण गावच्या धुळीने या सुपरमॅनलाच दम लागतो. अंगाने काडी, चड्डीची नाडी लोंबती. लोक हसून हसून बेजार होतात. तो नट म्हणजे शफिक शेख, यंत्रमागावरचा कामगार. चित्रीकरण चालू असतानाच त्याचे लग्न झाले, त्यासाठी सुपरमॅनने सुट्टी घेतली! २०११ साली कर्करोगाने तो गेला.

२०२५ साली रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत लागला. त्यात शफिकची भूमिका शशांक अरोरा यांनी केली आहे आणि नासिरभाईंची आदर्श गौरव यांनी. तो पाहून आलेल्या आमच्या गल्लीतल्या पोरांनी मला सायकलींचे सांगितले, नाडीचे सांगितले. मी विचारले, “त्या खऱ्या सुपरमॅनचे नाव काय रे?” पोरे एकमेकांकडे बघू लागली. एकाने खिशातून मोबाईल काढला. मी म्हटले, “ठेव तो आत. शफिक शेख. पाठ करा, हरिसिंग पाठ आहे ना तसे.”