हातोडीने जोडलेला लोखंडी रंधा

[सर्र... सर्र... सर्र...]

हेडफोन लावले असतील तर हा आवाज पुन्हा एकदा ऐका. नुसतं वाचणाऱ्यांसाठी सांगतो, शिसवाच्या फळीवर रंधा चालतोय. मध्ये कुठेही अडखळत नाही. या आवाजासाठी मी चार महिन्यांचे रविवार घातलेत.

माझे आजोबा, म्हणजे आबा, सुतार. त्यांचा रंधा लाकडी. लाकडी रंध्याचा तळ झिजतो, पावसाळ्यात फुगतो, मग तासून सपाट करावा लागतो. आणि दर वेळी तासला की त्याचं तोंड थोडं रुंद होतं. तोंड म्हणजे तळातली ती फट, जिथून पातं बाहेर डोकावतं. ती अरुंद का हवी? पातं लाकडात शिरतं तेव्हा पुढचे तंतू उचकटून वर यायला बघतात. पात्याच्या अगदी पुढ्यात तळ दाबून बसला असेल, तर त्यांना उचकटायला जागाच मिळत नाही. तोंड रुंद झालं की शिसवासारख्या उलटसुलट रेषांच्या लाकडावर खड्डे पडतात. आबा मग तोंडाशी लाकडाचा नवा तुकडा बसवतात.

स्कॉटलंडमधल्या एअर गावात स्ट्युअर्ट स्पायर्स १८४० च्या दशकापासून वेगळा उपाय विकत होता: बाहेर लोखंडी पेटी, आत लाकूड. पुढे लंडनच्या नॉरिसने पातं स्क्रूने सरकवायची सोय केली, तिचं पेटंट १९१३ चं. (लोखंडी तळाची कल्पना फार जुनी आहे हं. रोमन लोकांकडेही असे रंधे होते.)

या पेटीला वेल्डिंग नसतं. जुन्या ड्रॉवरच्या कोपऱ्यात पारव्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेले पाहिलेत? तोच डव्हटेल सांधा, पण लोखंडात. लाकडातला सांधा एका दिशेने सरकून सुटतो, म्हणून तर तो जोडता येतो. इथे तो कुठल्याच दिशेने सुटायला नको. मग आत घालायचा कसा?

आधी सरळच घालायचा. दात एखादा मिलिमीटर बाहेर उरतील असे ठेवायचे, शेजारच्या कडा कानशीने तिरप्या करायच्या, आणि उरलेलं लोखंड गार असतानाच हातोडीने ठोकत त्या तिरप्या जागेत भरायचं. लोखंड मळलेल्या कणकेसारखं सरकतं, खरंच! वरून कानस मारली की सांध्याची रेघ जेमतेम दिसते.

माझा पहिला रंधा इथेच गेला. ठोकताना दोन बाजूंच्या मध्ये ठोकळा अगदी घट्ट हवा. मी घाई केली, ठोकळा सैल राहिला, बाजू आत वाकल्या आणि पातं बसेना. महिन्याभराचं काम भंगारात. आठवडाभर मी कानशीला हात लावला नाही.

दुसऱ्याला नीट ठोकळा घातला. आत शिसवी लाकूड भरून आरपार रिवेट मारले. तळ काचेवर सँडपेपर चिकटवून घासला, पण पातं कसून, तळाच्या आत ओढून घेऊन. हे विसरू नका! कसल्यावर तळाला ताण येतो, त्या ताणातच तो सपाट हवा.

माझ्या रंध्याला नॉरिससारखा स्क्रू नाही. पात्याच्या डोक्यावर हातोडीची हलकी टिचकी मारली की खोली वाढते. तळाला मेणबत्ती चोळायची. वजन अडीच किलोच्या आसपास, त्यामुळे शेवटचा पातळ हात मारताना तो स्वतःच दाबून बसतो. पण खडबडीत फळी पहिल्यांदा साफ करायची तर आबांचा लाकडी रंधाच घ्या. याने तासाभरात खांदे भरून येतात.

गेल्या रविवारी आबांनी तो चालवला. दोन हात मारले, फळीवरून बोटं फिरवली, रंधा उलटा करून उजेडात धरला.

"तोंड अजून मोठं आहे रे."

मोजलं. पाव मिलिमीटर भरलं. आता पात्यामागे पातळ पत्र्याची पट्टी घालून बघतोय.