फोंताइन्हासची दुपार

पणजीच्या कदंब बसस्थानकावर उतरलात तर रिक्षा करू नका. ओरेमच्या खाडीवरचा पूल पायी ओलांडा. दहा-पंधरा मिनिटांत आल्तिनच्या टेकडीच्या पायथ्याशी फोंताइन्हासमध्ये पोचाल. वेळ मात्र दुपारची निवडा. दीड वाजला की इथली दुकानं दार ओढून घेतात आणि वाडा आडवा होतो.

नावाचा अर्थ लहान झरे. टेकडीच्या पोटातून येणारा फेनिक्सचा झरा शेजारच्या मळ्यात आहे, आणि मळ्यातच मारुतीचं देऊळ. इकडे सेंट सेबॅस्टियनचं कपेल. त्यातला क्रूस जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. त्या वाड्यात काय काय चाले हे आठवलं की ती नजर चुकवावीशी वाटते. राजधानी अधिकृतपणे पणजीला आली 1843 साली. पोर्तुगीज गेले 1961 मध्ये, पण 31 जानेवारी हे रस्त्याचं नाव पोर्तुगीजमध्येच राहिलं.

आणि घरं! पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची, मंगळुरी कौलांची, रस्त्याला खेटून उभी. पाऊस चार महिने रंग खरवडतो, म्हणून पावसाळा सरला की पुन्हा हात फिरवायचा. खर्च घरवाल्याचा, फोटो आपला.

हे मी आज म्हणतो. तीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा आलो तेव्हा मीही शिंपल्यांच्या तावदानांच्या एका खिडकीचा फोटो काढला होता. तो चौकटीत घालून डोंबिवलीच्या घरात लावलाय. यंदा गेलो, तर त्याच गल्लीत भिंतींवर ‘फोटो काढू नये’च्या पाट्या. एक नवरी घागरा सावरत कुणाच्या तरी पायऱ्यांवर उभी, फोटोवाला तिला हनुवटी वर करायला सांगतोय, आणि त्या घरातलं म्हातारं माणूस औषधाची पिशवी घेऊन बाहेर थांबलेलं.

माझी खिडकी सापडली. सोप्यावर सत्तरीच्या एक आंटी बसल्या होत्या. माझ्या खांद्यावरचा कॅमेरा पाहून म्हणाल्या, “फोटो काडूं नाका हां, बाब.”

“नाही काढत, आंटी.”

“काल एकलो येवन म्हज्या सोप्यार बसलो, आनी म्हाकाच म्हण्टा, मातशी कुशीक राव!”

स्वतःच्या घरासमोरून बाजूला हो, असं! त्या हसल्या, पण खोटं. मला गप्प बसवेना. तीस वर्षांपूर्वी न विचारता मीही एक काढला होता, घरी भिंतीवर आहे, असं सांगून टाकलं. आता रागावणार, असं वाटलं.

“खंयच्या जनेलाचो?” त्यांनी विचारलं. मी बोट दाखवलं. “भितर कोण दिसता?”

आत एक काळसर आकृती आहे खरी. इतक्या वर्षांत मी तिला सावलीच समजत आलो होतो. तसं म्हटलं. आंटी बराच वेळ खिडकीकडे बघत राहिल्या.

“तेन्ना मांय जिवी आशिल्ली,” त्या म्हणाल्या. “दीसभर थंयच बसताली.”

तेवढ्यात कोपऱ्यावर पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला. चार वाजून गेले असावेत. आंटी पाव घ्यायला उठल्या, दोन पायऱ्या उतरल्या आणि वळून म्हणाल्या, “एक कॉपी धाड.”

मी पत्ता लिहून घेतला.