उसाच्या बांधावरचा उष्णतेचा डोळा

घोड आणि कुकडीच्या पाण्यावर श्रीगोंद्यात ऊस वाढला आणि उसाच्या आडोशाला बिबट्याही आला. मोटारीची लाईट रात्रीची असली की दारे धरायला रात्रीच जावं लागतं. त्यामुळे जनावर नेमकं कोणत्या बांधावरून फिरतं, हे कळणं शेतकऱ्याच्या जिवाशी निगडित असतं. त्यासाठी वनखातं ट्रॅप कॅमेरा लावतं. त्या कॅमेऱ्याला काळोखात जागं करते ती शर्टाच्या बटणाएवढी धातूची डबी, आणि या लेखाचा विषय तिच्या पोटातला पदार्थ आहे.

बिबट्याच्या अंगातून सतत अवरक्त किरण बाहेर पडतात, त्यांची तरंगलांबी साधारण ८ ते १४ मायक्रॉन. काच त्यांना अडवते, म्हणून डबीपुढे पॉलिथिनचं पांढुरकं भिंग असतं. आत पायरोइलेक्ट्रिक, म्हणजे तापमान बदललं की वीज देणारा, पदार्थ. स्फटिकांच्या ३२ वर्गांपैकी फक्त १० वर्गांत हा गुण सापडतो. त्यांच्या रचनेत धन आणि ऋण भारांची केंद्रं एकमेकांवर पडत नाहीत, त्यामुळे एक तोंड कायम धन, दुसरं ऋण. एरवी बाहेरचे भार येऊन हा कल झाकून टाकतात. तापमान किंचित बदललं की कलही बदलतो, झाकणाचा मेळ बिघडतो आणि तारेतून क्षणभर प्रवाह वाहतो. तापमान स्थिर झालं की प्रवाह बंद.

तापवलेला टूरमलीन राख ओढून घेतो, हे अठराव्या शतकात सिलोनहून तो नेणाऱ्या डच व्यापाऱ्यांना माहीत होतं. डेव्हिड ब्रूस्टरनं १८२४ साली या गुणाला आजचं नाव दिलं. पुढे १९५६मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रायग्लायसीन सल्फेटचा फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे बाहेरच्या विद्युतदाबानं कल उलटवता येण्याचा, गुण उघड झाला. ग्लायसीन आणि गंधकाम्लाच्या पाण्यातल्या द्रावणातून याचे स्फटिक सावकाश वाढवता येतात. संवेदनशीलतेत तो सरस, पण पाण्यात विरघळतो आणि ४९ अंशांना त्याचा कल नाहीसा होतो. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या डबीला ४९ अंश काही लांब नाहीत! तो प्रयोगशाळेतल्या वर्णपटमापकांतच शोभतो. लिथियम टँटलेट सहाशे अंशांपर्यंत तग धरतो. स्वस्त डब्यांत मात्र बहुधा शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडांचं सिरॅमिक असतं. कोविडच्या काळात कपाळासमोर धरत होते त्या तापमापकात सहसा थर्मोपाइल असतो. त्याची जात वेगळी.

खरी हुशारी जोडणीत आहे. डबीत दोन तुकडे उलटसुलट जोडतात. ऊन चढलं तर दोन्ही सारखेच तापतात आणि परिणाम एकमेकांना खोडतो. जनावर आडवं गेलं तर आधी एक तापतो, मग दुसरा, आणि कॅमेरा उठतो. निश्चल बसलेला बिबट्या या डोळ्याला दिसतच नाही. दुपारी जमीन आणि जनावराचं अंग जवळपास सारखंच तापलेलं असतं, तेव्हाही हा डोळा चुकतो. उलट तापलेली पानं वाऱ्यानं हलली की रिकामे फोटो काढत सुटतो. बिबट्या रात्री फिरतो, हे या यंत्राचं नशीब.

श्रीगोंद्याच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या शेतशिवारात, वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी ट्रॅप कॅमेरे लावून केलेली पाहणी २०१३मध्ये प्रसिद्ध झाली. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं असलेल्या त्या मुलखात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. फोटोतला बिबट्या ठिपक्यांवरूनच ओळखतात आणि त्याच्या दोन कुशींवरचे ठिपके सारखे नसतात. म्हणून अशा मोजणीत वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात.