हरवलेले अवयव शोधणारे शिक्षक

मागील सत्रात नववीच्या तासाला मी मूळ अवयव शिकवीत होतो. (माझे शिक्षण हिंदी माध्यमातील, त्यामुळे तोंडात अजून 'अभाज्य गुणनखंड' येते आणि मुले हसतात.) ६० चे अवयव कसेही पाडा, शेवटी २ × २ × ३ × ५ हेच उरतात. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, दरवेळी हेच येतं ते दिसतंच आहे, मग सिद्ध कशाला करायचं?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. तिचे उत्तर देणे मात्र राहून गेले, ते आज देतो.

३ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग म्हणजे ५ चा वर्ग, हे आपणांस ठाऊक आहे. वर्गाऐवजी घन किंवा त्याहून मोठा घात घेतला तर अशा पूर्ण धन संख्या कधीच मिळत नाहीत, असे सतराव्या शतकात फर्मा यांनी लिहून ठेवले. सिद्धता मात्र लिहिली नाही. दोनशे वर्षे भलेभले त्यामागे लागले. १ मार्च १८४७ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत लामे यांनी सिद्धता सापडल्याचे जाहीर केले. त्यांनी समीकरणाचे काही नव्या प्रकारच्या संख्यांमध्ये अवयव पाडले होते. तेथेच लिउव्हिल यांनी उठून शंका काढली: या नव्या संख्यांचे अवयव एकाच रीतीने पडतात कशावरून? म्हणजे आमच्या नववीतलाच प्रश्न!

उत्तर आले ते जर्मनीतून, एर्न्स्ट कुमर यांच्या पत्राने. अवयव एकाच रीतीने पडतील याची खात्री नाही, आणि हे आपण १८४४ मध्येच छापले आहे, असे त्यांनी कळविले. ते छापले गेले होते एका विद्यापीठाच्या उत्सवानिमित्त निघालेल्या पुस्तिकेत. पॅरिसमध्ये ती कोण वाचणार?

हे कुमर कोण? जन्म १८१० चा, झोराउ या गावी, जे आज पोलंडमध्ये आहे. वडील डॉक्टर होते. कुमर तीन वर्षांचे असतानाच टायफसने गेले. आईने वाढवले. हाले विद्यापीठात गेले ते धर्मशास्त्र शिकायला, पण गणिताकडे वळले. पुढे १८३२ ते १८४२ अशी दहा वर्षे ते लीगनित्स येथे 'जिम्नॅशियम'मध्ये, म्हणजे व्यायामशाळेत नव्हे, माध्यमिक शाळेत शिक्षक होते. आमच्या शिक्षक बंधू-भगिनींनी हे जरूर लक्षात घ्यावे. शाळा सांभाळून त्यांनी संशोधन केले, आणि त्यांच्या वर्गात बसणारा क्रोनेकर नावाचा मुलगा पुढे स्वतः थोर गणिती झाला. कुमर पाढ्यांत कच्चे होते आणि भर वर्गात सात नवे किती हे मुलांना विचारत, असा किस्सा सांगतात.

आता मूळ अडचण पाहू. कुमर यांच्या संख्या कठीण आहेत, पण अडचण सोप्या उदाहरणाने कळते. समजा, जगात फक्त ४ ने भागल्यावर १ उरतो अशाच संख्या आहेत: १, ५, ९, १३, १७, २१, २५... यांतील कोणत्याही दोन संख्यांचा गुणाकार याच यादीत येतो, करून पाहा. या जगात ९ चे अवयव पडत नाहीत, कारण ३ यादीत नाही. २१ आणि ४९ यांचेही पडत नाहीत. पण ४४१ घ्या: २१ × २१ = ४४१ आणि ९ × ४९ = ४४१. एकाच संख्येचे दोन निराळे अवयव! जे 'दिसतंच आहे' ते येथे खोटे ठरले.

दुसरा कोणी असता तर येथेच थांबला असता. कुमर म्हणाले, अवयव नाहीत असे नाही, ते आपल्या यादीत दिसत नाहीत. आपल्या उदाहरणात ३ आणि ७ हेच ते लपलेले अवयव. ते धरले की दोन्ही रीती ३ × ३ × ७ × ७ अशा एक होतात. अशा न दिसणाऱ्या अवयवांना त्यांनी 'आदर्श संख्या' म्हटले. त्यासाठी दाखला दिला रसायनशास्त्रातला: फ्लोरीन तेव्हा कोणी वेगळा काढला नव्हता, तरी संयुगांवरून तो असल्याचे मानत. तो प्रत्यक्ष हाती आला १८८६ मध्ये, कुमर यांच्या हयातीतच.

या संख्यांच्या बळावर १०० च्या आतील मूळ घातांपैकी ३७, ५९ आणि ६७ सोडून बाकी सर्वांसाठी फर्मा यांचे विधान त्यांनी सिद्ध केले. १८५७ मध्ये पॅरिस अकादमीने त्यांना मोठे पारितोषिक दिले, तेही स्पर्धेत भाग न घेता. संपूर्ण सिद्धता १९९५ मध्ये ॲन्ड्र्यू वाइल्स यांची प्रसिद्ध झाली. पण कुमर यांची कल्पना डेडेकिंट यांनी पुढे नेली आणि आज एम.एस्सी.च्या बीजगणितात 'आयडियल' या नावाने ती शिकवतात.

विद्यार्थी मित्रांनो, वरच्याच यादीत ६९३ ही संख्या आहे. तिचे त्या यादीतल्या यादीत दोन रीतींनी अवयव पाडा आणि लपलेले अवयव कोणते ते लिहा. उत्तरे नावासह माझ्या कक्षाबाहेरील पेटीत टाकावीत. पालकांनीही टाकली तरी चालतील.