झेल मोजून टाइट एंड कळत नाही

अमेरिकन फुटबॉलमधला टाइट एंड म्हणजे दोन कामांना जुंपलेला एकच गडी. एका खेळीत तो समोरच्या सव्वाशे किलोच्या धिप्पाड खेळाडूला अंगावर घेऊन अडवतो, पुढच्या खेळीत त्यालाच हुलकावणी देऊन पास झेलायला पळतो. कॉलेजातला असा पोरगा एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, टिकेल का, यावर दर एप्रिलला ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या, तोंडावर छातीठोक भाकितं होतात. बरीचशी फसतात.

सगळ्यात चिवट गैरसमज हा, की कॉलेजात झेल कमी म्हणजे पोरगा कच्चा. जॉर्ज किटलने आयोवा विद्यापीठात सगळी वर्षं मिळून घेतलेले झेल होते 48. 2017 च्या ड्राफ्टमध्ये हॉवर्ड, एंग्रम आणि एन्जोकू हे तीन टाइट एंड पहिल्याच फेरीत गेले. किटलचा नंबर लागला पाचव्या फेरीत, 146 वा. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोकडून त्याने 1,377 यार्ड काढले. टाइट एंडसाठी तो तेव्हाचा विक्रम होता. आयोवाचा भर चेंडू घेऊन धावण्यावर. पासच मोजके, तर झेल येणार कुठून? ब्लॉकिंग मात्र तिथे घोटून घेतात.

म्हणून चित्रफीत बघताना चेंडू सोडा, पाय बघा. पहिलं पाऊल आखूड आणि झटपट पडतं का? कंबर समोरच्यापेक्षा खाली राहते का? पंजे छातीवर बसतात की बाहेर निसटतात? बाहेरून जर्सी धरली तर दंड ठरलेला. धक्का बसल्यावरही पाय चालू राहतात का? हे जमणारा मैदानात असला की धाव येणार की पास, याचा बचावाला अंदाज लागत नाही. चाहते खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर खेळतात त्या फँटसी लीगमध्ये ब्लॉकला गुण नसतात, त्यामुळे निम्मा खेळ चाहत्यांच्या नजरेतूनच सुटतो.

वेगाचंही थोडं तसंच. व्हर्नन डेव्हिस 2006 मध्ये ड्राफ्टआधीच्या चाचणीत 40 यार्ड 4.38 सेकंदांत पळाला आणि सहावा निवडला गेला. 13 टचडाउनचा मोसम उजाडला चौथ्या वर्षी. वेग नको असं नाही, किटलही 4.52 मध्ये पळाला होता. पण चाचणीत वाटेत बचावाचा लाइनबॅकर उभा नसतो.

वरचा क्रमांक म्हणजे खात्रीचा माल? 2018 मध्ये बाल्टिमोरने एकाच ड्राफ्टमध्ये दोन टाइट एंड घेतले: हेडन हर्स्ट 25 वा, मार्क अँड्र्यूज 86 वा. हर्स्ट आधी बेसबॉलमध्ये रमलेला, त्यामुळे चोवीस वर्षांचा, अँड्र्यूज बावीसचा. माझ्या मते वयाचा हा रकाना आधी वाचावा. 2020 मध्ये हर्स्टला अटलांटाकडे धाडलं. 2021 मध्ये अँड्र्यूजने 1,361 यार्ड केले.

राहिलं पहिलं वर्ष. ट्रॅव्हिस केल्सीचं 2013 चं वर्ष गुडघ्यापायी वाया गेलं: एक सामना, शून्य झेल. नंतर 2016 ते 2022 सलग सात मोसम हजार यार्डांच्या वर. उलट काइल पिट्स 2021 मध्ये चौथा निवडला गेला, इतक्या वर एकही टाइट एंड आजवर गेलेला नाही. पदार्पणातच त्याने 1,026 यार्ड काढले, आणि पुढच्या तिन्ही मोसमांत सातशेचाही पल्ला गाठला नाही. ट्रे मॅकब्राइडचे पहिल्या वर्षी झेल 29, तिसऱ्या वर्षी 111. पण 2024 मध्ये ब्रॉक बोवर्सने पदार्पणातच 112 झेल घेतले, आणि तेव्हापासून प्रत्येक संघाच्या चाहत्याला पहिल्याच वर्षी बोवर्स हवा असतो.